उरलेल्या लोकरीचा रंगीत गळपट्टा : कार्यानुभवाचा एक पाठ

ग्रामीण भागातील पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी लोकरीची एखादी पिशवी पडून असते. बाळंतविड्याचे टोपडे विणून उरलेला गुंडा, रुखवताच्या तोरणातून राहिलेले चार-दोन रंग, कोपरावर विरलेला जुना स्वेटर, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. कोणत्याही एका रंगात पूर्ण वस्तू होईल इतकी लोकर त्यात नसते. त्यामुळे ती टाकून देववत नाही आणि उपयोगातही आणता येत नाही.

दुसऱ्या बाजूस शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाची तासिका असते; परंतु साहित्याच्या अभावी ती अनेकदा उजळणीत अगर मैदानाच्या सफाईत खर्ची पडते. हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा गाभा असावा, हा विचार १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. विचाराची उणीव कधीच नव्हती. उणीव असते ती बहुधा साहित्याची. घरातील पडून राहिलेली लोकर ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांकडून त्या लोकरीचा गळपट्टा कसा करवून घ्यावा, याची माहिती पुढे दिली आहे.

क्रोशाच का ?

दोन सुयांच्या विणकामात एका वेळी वीस-पंचवीस टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली की ते सुटतात आणि नवशिक्या मुलास ते पुन्हा उचलता येत नाहीत. क्रोशाच्या कामात मात्र साधारणतः एकच फास उघडा राहतो. घंटा झाली म्हणजे तो फास थोडा ओढून मोठा करावा, सुई काढून घ्यावी व काम पिशवीत ठेवावे. दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे चालू करता येते. चूक झाली तर धागा ओढताच टाके क्रमाने सुटतात, आणि चूक झाली होती त्या जागी नेमके थांबता येते. सुटलेली लोकर पुन्हा वापरता येते. लाकूड चुकीचे कापले अथवा कागद चुकीचा फाडला तर तो वाया जातो. येथे चुकीची किंमत केवळ थोडा वेळ एवढीच असते. साहित्य तुटपुंजे असलेल्या शाळेस या कलेचे महत्त्व आहे ते याच कारणाने.

हे काम रिकामपणचा विरंगुळा आहे, असा समज प्रचलित आहे. तो इतिहासास धरून नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले व मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तेथील जोगिणींनी गरीब स्त्रियांना व मुलांना क्रोशाची जाळी विणण्यास शिकविले आणि त्या विक्रीवर अनेक कुटुंबे तगली. आंध्रातील गोदावरीकाठच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजविलेले हे काम आजही स्त्रियांच्या हातांना मजुरी देते. हे काम मुलींचेच, असेही मानण्याचे कारण नाही. पैठणी आणि घोंगडी विणणारे पुरुष महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. तासिकेस मुलगे व मुली एकत्रच बसवावीत.

साहित्य जमविणे

प्रत्येक मुलाने घरून लोकर आणावी, असे सांगण्यात एक धोका आहे. काही घरांत लोकर मुळीच नसते, आणि रिकाम्या हाताने आलेले मूल पहिल्याच दिवशी मागे बसते. यास्तव वर्गात झाकण असलेली एक पेटी ठेवावी. ज्याला जे मिळेल ते त्याने केव्हाही तीत टाकावे. कोणी काय आणले, याची नोंद ठेवू नये. शेजारपाजारच्या घरांतून व गावातील शिंप्याकडून मागून आणलेली लोकरही तीतच जावी. पेटी भरली म्हणजे ती सर्वांची होते.

जुना स्वेटर उसवावयाचा असल्यास प्रथम त्याची शिवण पाहावी. आतील कडा कापून यंत्राने शिवलेल्या असतील तर प्रत्येक ओळीस धागा तुटतो व हाती तुकडेच येतात. असा स्वेटर बाजूस ठेवावा. हाताने विणलेला असेल तर शिवणी उकलून, विणकाम जेथे संपले त्या टोकापासून तो उसवावा. धागा पाटीभोवती गुंडाळून त्याची लड करावी, ती चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढावी आणि खाली हलके वजन अडकवून सावलीत वाळवावी. धाग्यातील वळ्या निघून जातात.

त्यानंतर प्रतवारी करावी. लोकर म्हणून विकला जाणारा बराचसा धागा वस्तुतः ॲक्रिलिकचा, म्हणजे रासायनिक तंतूचा असतो. गरम पाण्यात घातल्यास खरी लोकर आटते, ॲक्रिलिक तशी आटत नाही. दोन्ही एकाच पट्ट्यात मिसळल्यास धुतल्यावर तो सुरकुततो. ओळखण्यासाठी शिक्षकांनी स्वतः, मुलांना दूर ठेवून, चिमट्यात इंचभर धागा धरून पेटवून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरडणारी राख राहिली तर ती लोकर. वितळून कठीण मणी झाला तर रासायनिक तंतू. लाल व गडद रंगांचे तुकडे पांढऱ्या फडक्यात गुंडाळून भिजवावेत. फडक्यास रंग लागल्यास तो धागा वापरू नये. शेवटी साधारण सारख्या जाडीचे धागे एकत्र करावेत.

क्रोशाच्या सुईचा क्रमांक मिलिमीटरमध्ये असतो. मध्यम जाडीच्या लोकरीस ४ मिलिमीटरची सुई योग्य होय.

कृती

एक मीटर लांब व सुमारे १५ सेंटिमीटर रुंद गळपट्टा शाळकरी मुलास पुरेसा होतो. पाच मुलांचा एक गट करावा. प्रत्येकाने २० सेंटिमीटरचा एक तुकडा विणावा व शेवटी पाचही तुकडे जोडावेत. एकच पट्टा आळीपाळीने विणू दिल्यास चार मुले नुसती बसून राहतात.

आरंभी सरगाठ मारून ती सुईवर घ्यावी. सुईवर धाग्याचा वेढा घेऊन तो फासातून ओढला म्हणजे एक साखळी होते. अशा २६ साखळ्या घालाव्यात.

पुढील टाक्यास खांब म्हणतात. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा. सुई साखळीत घालून धागा ओढून आणावा, म्हणजे सुईवर तीन फास होतात. पुन्हा वेढा घेऊन तो दोन फासांतून काढावा. आणखी एक वेढा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढावा. हा एक खांब झाला. पहिला खांब सुईकडून मोजून चौथ्या साखळीत घालावा. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरला जातो. २३ साखळ्यांत २३ खांब आणि हा एक, असे एकूण २४ होतात.

ओळ संपल्यावर तीन साखळ्या घालून काम उलटावे. या तीन साखळ्या म्हणजे नव्या ओळीचा पहिला खांब होय. म्हणून लगतचा, अगदी काठावरचा, खांब सोडून त्याच्या पुढच्यापासून प्रत्येकावर एक खांब घालावा. ओळीचा शेवटचा खांब मागील ओळीच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालावा. दर दोन ओळींनी रंग बदलावा. बदलण्याच्या वेळी शेवटचा खांब अर्धवट ठेवावा. सुईवर दोन फास उरले असता जुना धागा सोडून नवा धागा त्या दोहोंतून ओढून घ्यावा, म्हणजे रंगाची रेघ स्वच्छ येते. दोन्ही धाग्यांची १५-१५ सेंटिमीटर टोके ठेवून ती पुढील टाक्यांखाली दाबून घ्यावीत. आखूड टोके पहिल्या धुण्यातच निसटतात.

गणिताशी समवाय

नऊ रंगपट्टे, म्हणजे १८ ओळी, झाल्या की सुमारे २० सेंटिमीटर लांबी भरते. पाच तुकड्यांचे मिळून ४५ रंगपट्टे होतात. एका ओळीस किती लोकर लागते, हे मुलांनी प्रत्यक्ष मोजून काढावे. समजा, ती दीड मीटर आढळली. तर दोन ओळींस तीन मीटर लागतील.

आता पेटीत एका रंगाची नऊ मीटर लोकर आहे. तिचे किती रंगपट्टे होतील, असे विचारावे. बहुतेक मुले नवास तीनाने भागून 'तीन' असे उत्तर देतील. त्यांना विणू द्यावे. तिसरा पट्टा पुरा होण्यापूर्वीच धागा संपेल, कारण प्रत्येक पट्ट्याच्या आरंभी व शेवटी ठेवलेल्या टोकांचे ३० सेंटिमीटर हिशेबात धरलेले नसतात. एका पट्ट्यास खरी गरज ३.३ मीटरची. म्हणून दोनच पट्टे होतात व २.४ मीटर लोकर उरते. तिचे २० सेंटिमीटरचे १२ तुकडे केले म्हणजे गळपट्ट्याच्या टोकांस लावण्याचे गोंडे होतात. पूर्ण गळपट्ट्यास ४५ गुणिले ३.३, म्हणजे १४८.५ मीटर लोकर हवी, हे मुले मग आपणहून काढतात. पुस्तकातील भागाकारात बाकी ही नुसती संख्या असते. येथे ती हातात उरते आणि तिचे काय करावे, हे ठरवावे लागते.

नेहमीच्या चुका

मुलांचा तुकडा चौकोनी न होता निमुळता होत जातो, ही तक्रार सर्वत्र आढळते. ओळीचा शेवटचा खांब, जो तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालावयाचा असतो, तो विसरल्याने दर ओळीस एक खांब कमी होतो. उलट, वळल्यावर काठाच्याच खांबावर टाका घातल्यास दर ओळीस एक वाढतो. उपाय एकच आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी २४ मोजल्याशिवाय काम उलटू नये.

चूक आढळल्यास शिक्षकांनी स्वतः उसवून देऊ नये. मुलाने ती दाखवावी व स्वतः उसवावी. आठ ओळी उसवताना काही मुलांच्या डोळ्यांत पाणी येते. अशा वेळी सुटलेल्या लोकरीचा गुंडा त्याच्याच हातात द्यावा आणि ती सर्व जागच्या जागी आहे, हे त्यास पाहू द्यावे. पुसलेल्या पाटीपेक्षा हा अनुभव अधिक खोल जातो.

हाताच्या सैलपणामुळे २४ खांब असूनही तुकडे कमी-अधिक रुंद होतात. सैल हाताच्या मुलास थोडी बारीक व घट्ट हाताच्या मुलास थोडी जाड सुई द्यावी. डावखुऱ्या मुलास समोरासमोर बसून शिकवावे. आरशात पाहिल्याप्रमाणे त्यास हालचाल नीट उचलता येते.

वापर व काळजी

गळपट्टा थंड पाण्यात धुवावा, पिळू नये व आडवा पसरून वाळवावा. खेळताना, सायकलवर बसताना, तसेच उसाच्या चरकाजवळ अगर मळणीयंत्राजवळ जाताना तो काढून ठेवावा. लोंबते टोक यंत्रात अडकून जीव जाऊ शकतो. ॲक्रिलिकचा पट्टा चुलीजवळही नेऊ नये.

तयार वस्तू कोणाची, हा प्रश्न शेवटी उभा राहतो. पाच हातांनी विणलेला गळपट्टा एकाचा होऊ शकत नाही. आणि गरजू मूल निवडून समारंभाने तो त्यास दिल्यास त्या मुलास ऊब मिळण्याऐवजी संकोच वाटतो. त्यापेक्षा वर्गाच्या दाराजवळ खुंट्या ठोकून सर्व गळपट्टे तेथे टांगून ठेवावेत. पौषातील सकाळी प्रार्थनेच्या वेळी ज्यास थंडी वाजत असेल त्याने एक घ्यावा व सुटीत तो परत तेथेच अडकवावा. कोणी घेतला, याची नोंद येथेही ठेवू नये.