शेतराखण आणि बंदुकीचा परवाना

बंदूक विकत घ्यावयाची तर आधी दुकान गाठावे, चार नमुने हाताळून पाहावेत, किंमत ठरवावी आणि मग कागदपत्रांच्या मागे लागावे, असा पुष्कळांचा समज असतो. भारतात हा क्रम नेमका उलटा आहे. येथे दुकान सर्वांत शेवटी येते. हाती परवाना नसेल तर दुकानदाराला बंदूकच काय, एक काडतूसही विकता येत नाही; आणि परवाना मागणाऱ्यास सरकार जो पहिला प्रश्न विचारते, तो बंदूक कशासाठी हवी, हा असतो. या एका प्रश्नाचे खरे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याची वाट लांब असली तरी सरळ असते. ज्याच्यापाशी ते नाही, त्याची वाट पहिल्याच वळणावर अडते.

आदिलाबाद जिल्ह्यात हा प्रश्न निव्वळ कायद्याच्या पुस्तकातला राहिलेला नाही. पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या पट्ट्यात तेलुगू आणि गोंडीबरोबर मराठीही घरोघर बोलली जाते. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी, मका ही तेथील पिके. कणसात दाणा भरू लागला की रानडुकरांचे कळप रात्री शेतात शिरतात, आणि पाच-सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत उकरली जाते. मग जागल सुरू होते. मचाणावर बसावयाचे, शेकोटी पेटवावयाची, डबे वाजवावयाचे आणि पहाटेपर्यंत आरोळ्या देत राहावयाचे. अशा रात्री काढणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात आपल्याजवळ एक बंदूक असती तर, हा विचार आला नाही तरच नवल.

त्याला कायदा काय म्हणतो, हे पाहण्यापूर्वी थोडे मागे जाणे इष्ट होईल. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ साली लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत शस्त्रांचा जो कायदा झाला, त्याने सामान्य हिंदी माणसाला बंदुकीस पारखे केले. ती बोच इतकी खोल होती की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढे राज्यघटना झाली, तेव्हा मात्र तो हक्क तिच्यात आला नाही. उलट एकत्र जमण्याचे जे स्वातंत्र्य घटनेने दिले, त्यालाच 'शांततेने व शस्त्राविना' अशी अट जोडली. शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, असे निर्णय पुढे उच्च न्यायालयांनीही दिले. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि त्याखालील सध्याचे नियम २०१६ सालचे आहेत. कर्नाटकातील कोडगू येथील कोडव लोकांना परवान्यातून जुनी सूट आहे. तशी ती गोंड, कोलाम अथवा परधान यांना नाही. जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली निजामी पोलिसांच्या गोळीबारात कोमरम भीम पडला, तो जंगल आणि जमीन यांच्या हक्कासाठी. त्या प्रदेशातल्या माणसालाही आज बंदुकीसाठी इतरांप्रमाणेच अर्ज करावा लागतो.

हा अर्ज ज्या कलमाखाली तपासला जातो ते तेरावे कलम शेतकऱ्याने नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण कायद्याची दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. बंदुकांचे त्याने जणू दोन गट केले आहेत. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, अथवा संरक्षण वा खेळ यांसाठी किमान वीस इंच लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक कोणी मागितली, आणि नकाराचे कायदेशीर कारण नसले, तर परवाना द्यावा असे कायदा सांगतो. ठासणीच्या बंदुकीने पिकाचे रक्षण होण्यासारखे नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पीकरक्षणासाठीच काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. आपल्याकडे जिला 'बारा बोअर' म्हणतात ती याच जातीची. रिव्हॉल्वर, पिस्तूल व रायफल यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांसाठी सबळ कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. लांब नळीची बंदूक लपवता येत नाही, ती खांद्यावर घेऊन निघालेला माणूस चार लोकांना दिसतो. रिव्हॉल्वर खिशात मावते. कायद्याने केलेल्या भेदाच्या मुळाशी हे साधे व्यवहारज्ञान असावे.

सैन्यात व पोलिसांत वापरली जाणारी स्वयंचलित हत्यारे आणि त्या मापाची काडतुसे ही मात्र निषिद्ध वर्गात मोडतात. सामान्य नागरिकाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याचा, म्हणजे कलेक्टरचा. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो अधिकार आयुक्ताकडे जातो. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यांपैकी मंचेरियाल हा रामगुंडम आयुक्तालयात गेला, सबब त्या बाजूच्या अर्जदाराने ही गोष्ट ध्यानी ठेवावी. आदिलाबादचा अर्ज कलेक्टर कचेरीतच होतो. अर्जासोबत ओळख, वय व राहण्याचे ठिकाण यांचे पुरावे, छायाचित्रे, शरीर व मन सुदृढ असल्याचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. बंदूक हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखलाही २०१६ च्या नियमांनी आवश्यक केला आहे. पीकरक्षणाचे कारण दिले असेल तर जमीन किती, कोठे आणि तीत काय पेरले आहे, हे दाखवावे लागते. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, तेलंगणाच्या भाषेत दुसऱ्याच्या पट्टा पासबुकावर, बंदूक मिळत नाही.

त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अर्जदाराचे शेजाऱ्यांशी पटते काय, बांधावरून भांडणे आहेत काय, पूर्वी काही गुन्हा झाला आहे काय, घरात बंदूक ठेवण्यासारखी जागा आहे काय, हे सारे त्या अहवालात येते. नियमांनी पोलिसांना त्यासाठी तीस दिवसांची आणि अहवाल आल्यावर निर्णयासाठी अधिकाऱ्याला साठ दिवसांची मुदत घातली आहे. कचेऱ्यांचे कॅलेंडर नेहमीच नियमांशी जुळते असे नाही, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवणे शहाणपणाचे. एकवीस वर्षांखालील व्यक्ती, मनोविकाराने ग्रस्त व्यक्ती, शांतता राखण्याच्या जामिनाने बांधलेली व्यक्ती आणि हिंसेच्या वा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून पाच वर्षे न झालेली व्यक्ती यांना परवाना नाही. नेमबाजीच्या खेळाडूंसाठी वयाची वेगळी सवलत आहे.

या कायद्यातील एक तरतूद गरीब शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. केवळ अर्जदाराची मालमत्ता पुरेशी नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. चाळीस एकरवाल्याला बंदूक आणि चार एकरवाल्याला डबा, असा न्याय कायद्याने केलेला नाही. नकार दिला तर त्याची कारणे अधिकाऱ्याने लिहून ठेवावी लागतात व मागणी केल्यास ती अर्जदारास कळवावी लागतात. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद. नकाराविरुद्ध मुदतीत अपीलही करता येते.

परवाना मिळाला की मग दुकान. परवान्यावर हत्याराचा प्रकार, ते घेण्याची मुदत आणि काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. त्याबाहेर जाता येत नाही. खरेदी झाल्यावर बंदूक अधिकाऱ्यास दाखवून तिचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यावा लागतो. दुकानाऐवजी दुसऱ्या परवानाधारकाकडून जुनी बंदूक घेता येते, परंतु विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास कळविले पाहिजे. बैलबाजारातल्यासारखा हा व्यवहार रुमालाखाली होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

येथपर्यंतची वाट नेटाने चालून बंदूक घरी आणणारा शेतकरी पुढे एका मोठ्या गैरसमजात सापडतो. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झालेल्या अशा जनावराला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. पण ती लेखी, कारणांसह, आणि त्या त्या प्रसंगापुरती. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे एका हातात कलेक्टरचा कागद असला तरी दुसऱ्या हातात वनखात्याचा कागद नसेल, तर रानडुकरावर झाडलेली गोळी गुन्हाच होय. हवेत बार काढून कळप पिटाळणे आणि नेम धरून पाडणे यांतील अंतर शेतात फार थोडे असते, कायद्यात मात्र फार मोठे.

आदिलाबादच्या बाजूला आणखी एक अडसर आहे. अभयारण्यात वा त्याच्या भोवतालच्या दहा किलोमीटरांत राहणाऱ्या परवानाधारकास आपले नाव वन्यजीव रक्षकाकडे नोंदवावे लागते, आणि त्या टापूत नवा परवाना त्याच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. जुन्या जिल्ह्याच्या मध्यावर कवाल आहे. २०१२ साली ते व्याघ्रप्रकल्प झाले. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर आहे, आणि तेथील वाघ नदी ओलांडून भीमपूर-तामसीच्या शेतांत येतात. ज्या गावात रानडुकराचा उपद्रव अधिक, नेमके तेच गाव बहुधा जंगलाला लागून असते. आणि जेथे बंदूक सर्वांत हवीशी वाटते, तेथेच तिचा परवाना सर्वांत दुर्मीळ होतो. शेतकऱ्याला हा अन्याय वाटतो, आणि त्याच्या बाजूने पाहता तो वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या रात्री डुकरावर नेम धरावा आणि झुडपामागून जागलीवरचा शेजारीच उठावा, त्या रात्रीचाही विचार कायदा करणाऱ्यांना करावा लागतो. कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा मार्ग काहीजण पत्करतात. त्याने जनावरांबरोबर माणसेही मरतात आणि तो स्वतंत्र गुन्हा होतो. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करणे कंटाळवाणे खरे, परंतु पंचनामा ताज्या नुकसानीचाच होत असल्याने तो अर्ज दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

पीक नाही, जंगल नाही, तरी कमरेला रिव्हॉल्वर हवे, अशी हौसही जिल्ह्यात आहेच. डिसेंबर २०२० मध्ये आदिलाबाद शहरात एका भांडणात परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळ्या झाडल्या गेल्या. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला आणि २०२२ साली न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्यास जन्मठेप दिली. ते हत्यार चोरीचे नव्हते, गावठीही नव्हते. सगळे कागद जागच्या जागी असलेले ते हत्यार होते. पोलीस अहवालात स्वभावाची चौकशी कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे प्रकरण आठवावे. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सीमेवरच्या माणसाने परवान्यावरील आणखी एक रकाना वाचावा, तो परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो याचा. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आजही सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत. पण तेलंगणापुरता परवाना असलेली बंदूक पैनगंगेचा पूल ओलांडून पांढरकवड्याला नेली, तर पुलाच्या पलीकडे ती विनापरवाना ठरते. विनापरवाना बंदुकीची शिक्षा किमान दोन वर्षे असून ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आणि शेवटी माळ्यावरची बंदूक. आजोबांची भरमार किंवा वडिलांची बारा बोअर तेलाच्या फडक्यात गुंडाळून आढ्याशी ठेवलेली असते. परवाना वडिलांच्या नावाचा, वडील जाऊन सहा वर्षे झालेली, मुदत केव्हाच संपलेली. ती वारसाने आपोआप मुलाची होत नाही. परवानाधारक वारला किंवा मुदत संपली की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारसाने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा. परवानाधारक हयात असून सत्तर वर्षांचा झाला असेल, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे असेल, तर त्याच्या हयातीतच ती वारसाच्या नावे करण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठीही वारसाची तीच चौकशी होते, तोच वैद्यकीय दाखला लागतो आणि त्यालाही बंदूक कशासाठी हवी हे सांगावे लागते.