भार उतरला की जखम भरते

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1950च्या सुमारास डॉ. पॉल ब्रँड यांना एका कोड्याने छळले होते. कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या छोट्या वसाहतीत माणसे रात्री नीट झोपत आणि सकाळी उठून पाहतात तो बोटाचा तुकडा गायब. कुष्ठरोगात मांस आतून सडते आणि बोटे आपोआप झडतात, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. ब्रँड यांना ती पटेना. शेवटी रात्री पहारा ठेवला, तेव्हा उलगडा झाला. उंदीर येऊन बोट कुरतडत होते आणि संवेदना गेलेल्या माणसाला जागच येत नव्हती. त्यानंतर रुग्णांना मांजर पाळायला देण्याची पद्धत पडली.

ब्रँड यांचा जन्म 1914चा, तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांमधला. मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा लंडनला वैद्यक शिकून 1946 मध्ये वेल्लोरला रुजू झाला. वाकड्या झालेल्या हातांवरच्या शस्त्रक्रियांमुळे त्यांचे नाव जगभर गेले. पण पायाबद्दल त्यांनी जे दाखवून दिले, ते त्याहून साधे आणि जास्त दूरवर पोहोचणारे होते. कुष्ठरुग्णाच्या तळव्याचे मांस तुमच्या-आमच्या मांसाइतकेच भरून येऊ शकते. तरी जखम वर्षानुवर्षे चिघळत राहते, कारण तिचा मालक रोज तिच्यावरूनच चालतो. ज्याला दुखते तो लंगडतो, पाय उचलून धरतो, दोन दिवस झोपून काढतो. ज्याला दुखत नाही तो बाजारहाटही करून येतो.

हाच पाय आज मधुमेहाच्या दवाखान्यात रोज दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की सर्वांत लांबच्या नसा आधी निकामी होतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, आणि मग एक दिवस आग थांबते. घरच्यांना हायसे वाटते. खरे तर धोका तिथून सुरू होतो.

नसा मेल्याचे परिणाम फक्त बधिरपणावर थांबत नाहीत. पावलातले बारीक स्नायू लुळे पडतात, बोटे आकडीसारखी वळतात आणि चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. मग हाडांची टोके थेट कातडीवर टेकतात. घाम आणणाऱ्या नसाही गेलेल्या असल्याने कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. जिथे दाब जास्त तिथे घट्टा तयार होतो. हा घट्टा पुढे चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला टोचत राहतो. त्याच्याखाली रक्त साकळते, आणि एखाद्या सकाळी फरशीवर ओला डाग दिसतो तेव्हा घरात कळते की पायाला काहीतरी झाले आहे.

जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेता, मधुमेही माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होण्याची शक्यता 19 ते 34 टक्के धरली जाते. मधुमेहात पाय कापावा लागलेल्यांपैकी सुमारे 85 टक्क्यांची सुरुवात अशाच एखाद्या जखमेने झालेली असते. बरेचदा ती जखम रुपयाच्या नाण्याएवढीही नसते.

अशी जखम जवळून पाहिली की ती का भरत नाही हे लक्षात येते. ताज्या जखमेत आधी सूज येते, मग लालबुंद दाणेदार मांस वर येते आणि कडेने नवी कातडी सरकत जाते. जुनाट जखम सुजेच्या पायरीवरच अडकून पडते. तिच्या कडा पांढऱ्या, जाड आणि आत वळलेल्या असतात, तळाशी पिवळसर बुळबुळीत थर असतो, आणि त्या थरात जिवाणूंनी स्वतःभोवती चिकट आवरण विणलेले असते. वरून लावलेले मलम किंवा पावडर तिथवर पोहोचतही नाही. म्हणून पायाचा जाणकार डॉक्टर आधी धारदार ब्लेड हातात घेतो. घट्टा, मेलेले मांस, वळलेल्या कडा हे सारे तो निरोगी, रक्त येणाऱ्या मांसापर्यंत खरवडून काढतो. नातेवाइकांना हे पाहवत नाही, कारण लहान दिसणारी जखम त्यांच्या डोळ्यांदेखत मोठी होते. पण त्याच क्षणी ती पुन्हा ताजी झालेली असते. नुसता घट्टा उतरवला तरी त्या जागेचा दाब जवळपास एक चतुर्थांशाने कमी होतो, हे मोजून पाहिलेले आहे.

मग तो बोथट धातूची सळई हळूच जखमेच्या तळाशी नेतो. टणक, खरखरीत काही लागले तर सळई हाडाला टेकली आहे आणि हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला असण्याची दाट शंका आहे. घोट्याजवळची नाडी लागते का हेही तो पाहतो. रक्तच पोहोचत नसेल तर आधी रक्तवाहिनी मोकळी करावी लागते, नाहीतर पुढचे सगळे उपाय वाया जातात.

एवढे झाल्यावर उरतो तो मुख्य प्रश्न, ब्रँड यांनी विचारलेला. पायावरचा भार कसा काढायचा?

याचे सर्वांत भरवशाचे उत्तर म्हणजे पायाला सगळीकडून चिकटून बसणारे प्लास्टर. ही पद्धत 1930च्या दशकात मद्रास आणि श्रीलंकेत कुष्ठरुग्णांवर वापरली गेली, ब्रँड यांनी ती वेल्लोरला रुळवली आणि 1960च्या दशकात ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले तेव्हा सोबत नेली. अमेरिकेतल्या मधुमेही पायांवरच्या उपचारात ती तिथून शिरली. मोडलेल्या हाडाच्या प्लास्टरमध्ये कापसाचा जाड थर असतो, इथे तो जवळजवळ नसतो. रुग्णाला पालथे झोपवून गुडघा काटकोनात वाकवतात. जखमेवर पातळ ड्रेसिंग, बोटांवर स्पंज, नडगीवर आणि घोट्याच्या हाडांवर लोकरी पट्टी. त्यावर प्लास्टरचा पहिला ओला थर गुंडाळून तळहाताने घासत राहतात, इतका की तो पावलाच्या प्रत्येक खोलगट भागात बसतो. पुढचे थर मजबुतीचे. अशा प्लास्टरमध्ये पाऊल टाकले की शरीराचा जवळपास तीस टक्के भार पोटरीभोवतीची भिंत उचलते आणि उरलेला सबंध तळव्यावर पसरतो. पहिले प्लास्टर दोन-तीन दिवसांत बदलतात, कारण सूज उतरून ते सैल होते. नंतर आठवड्याला एक. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जखम खोलवर पिकलेली असेल, तर मात्र हे प्लास्टर घालायचे नसते.

निकाल बोलके आहेत. अमेरिकेत 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाळीस रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात प्लास्टर घातलेल्या दहांपैकी नऊ जखमा सरासरी सहा आठवड्यांत भरल्या. नेहमीचे ड्रेसिंग आणि खास चप्पल दिलेल्या गटात तिघांपैकी एकच भरली. डॉ. डेव्हिड आर्मस्ट्राँग यांच्या चमूने 2001 मध्ये प्लास्टरशेजारी काढता-घालता येणारा बूट ठेवून पाहिला. दाब कमी करण्यात तो बूट प्लास्टरच्या तोडीचा मानला जाई. तरीही बारा आठवड्यांत प्लास्टरच्या गटातल्या सुमारे 90 टक्के जखमा भरल्या, बुटाच्या गटातल्या 65 टक्के.

फरक कुठून आला, हे शोधायला त्यांनी रुग्णाच्या कमरेला पावले मोजणारे यंत्र लावले आणि दुसरे गुपचूप बुटात बसवले. दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम 28 टक्के पावले बूट घालून टाकलेली निघाली. बाहेर जाताना लोक बूट घालत आणि घरात काढून ठेवत. यात रुग्णाला बोल लावण्यासारखे काही नाही. ज्याचा पाय दुखत नाही त्याला अवजड बूट घालून स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात वावरायचे कारणच सापडत नाही. आर्मस्ट्राँग यांनी मग तोच बूट काढता येऊ नये म्हणून वरून पट्टीने गुंडाळला आणि जखमा भरण्याचे प्रमाण 52 टक्क्यांवरून 83 टक्क्यांवर गेले. बूट तोच, फक्त तो काढायची सोय काढून टाकली.

ब्रँड यांना हा स्वभाव आधीच कळला होता. अमेरिकेत त्यांनी बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदना तयार करण्याचा घाट घातला होता. दाब वाढला की इशारा देणारी संवेदके, आधी आवाज, पुढे विजेचा झटका. माणसे इशारा मिळाला की यंत्रच बंद करून काम उरकत. शेवटी त्यांनी तो प्रकल्प सोडून दिला. खरी वेदना बंद करता येत नाही, हेच तिचे बळ आहे, या निष्कर्षाला ते आले.

बधिर पायाचा आणखी एक घातक प्रकार आहे, त्याला फ्रेंच डॉक्टर शार्को यांचे नाव आहे. पाऊल एकाएकी सुजते, लाल आणि गरम होते, पण फारसे दुखत नाही. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे संसर्ग किंवा गाऊट समजून औषधे दिली जातात, रुग्ण चालत राहतो आणि आत पावलाची कमान कोसळते. पायाला जखम नसलेल्या मधुमेही माणसाचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेले असेल, तर पायाच्या जाणकाराने नाही म्हणेपर्यंत त्यावर भार टाकायचा नाही. उपचार पुन्हा तोच, प्लास्टर, आणि तो महिनोन्‌महिने.

ब्रिटन-अमेरिकेत पायाचे डॉक्टर ही वेगळी शाखा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉ. मायकेल एडमंड्स यांनी 1981 मध्ये मधुमेही पायाचा दवाखाना सुरू केला आणि तीन वर्षांत तिथल्या मोठ्या अवयवच्छेदांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. एकाच छताखाली जखम साफ करणारा, चप्पल बनवणारा, परिचारिका, डॉक्टर आणि शल्यचिकित्सक बसू लागले, एवढाच बदल. आपल्याकडे अशी शाखा रुजलेली नव्हती. ती उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी 2000 नंतरच्या दशकात ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रशिक्षण कार्यक्रम चालवला. एकट्या डॉक्टरला न बोलावता डॉक्टर आणि परिचारिका अशी जोडी शिकवायची, हा त्याचा गाभा. घट्टा कसा उतरवायचा, संवेदना कशी तपासायची, पाय कसा धुवायचा-पुसायचा, हे ती जोडी आपल्या गावी जाऊन रोज करू शकते.

आपल्या सवयींचा विचार इथे करावाच लागतो. घरात अनवाणी वावरणे, देवळाच्या तापलेल्या दगडी आवारात उन्हात प्रदक्षिणा घालणे, थंडीत गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवून झोपणे, घट्ट जोडवी, अंगठ्याच्या चपला. बधिर पायातून अशी चप्पल निसटली तरी कळत नाही. मागे पट्टा असलेली, तळ मऊ पण पुरेसा जाड असलेली सँडल घरातसुद्धा घालणे हा यावरचा उपाय. भोवरी कापायला घरातले ब्लेड किंवा बाजारातले आम्लाचे थेंब वापरू नयेत.

जखम भरली म्हणजे काम संपले, असेही नाही. भरलेल्यांपैकी सुमारे 40 टक्क्यांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते, कारण बधिरपणा आणि वाकडी बोटे तशीच राहिलेली असतात. अशांसाठी थर्मामीटर उपयोगी पडतो. कातडी फाटण्याआधी ती जागा गरम होते. दोन्ही तळव्यांच्या एकाच जागेत 2.2 अंश सेल्सियसचा फरक दिसला की चालणे कमी करायचे. अमेरिकेतल्या 225 रुग्णांच्या चाचणीत हे केलेल्यांपैकी 4.7 टक्क्यांना जखम झाली, न केलेल्यांपैकी 12.2 टक्क्यांना.

पायाची संवेदना तपासायला दवाखान्यात दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा वापरतात. तो नसेल तर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी 2011 मध्ये मांडलेली चाचणी घरातही करता येते. मधुमेही व्यक्तीला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, ठोकू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर लगेच डॉक्टरांकडे जा, आणि साखरेचा रिपोर्ट पुढे करण्याआधी चप्पल-मोजे काढून दोन्ही तळवे दाखवा.