जुन्या पिकअप वाहनांची निवड व पुनरुज्जीवन

जुन्या पिकअप वाहनाचे पुनरुज्जीवन म्हणजे उत्पादन बंद झालेले हलके मालवाहू वाहन विकत घेऊन ते शक्य तितक्या मूळ स्वरूपात व चालू स्थितीत आणणे होय. अमेरिकेत हा छंद प्रामुख्याने फोर्ड व शेव्हरोले यांच्या जुन्या पिकअपभोवती वाढला. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली अशा मुंबई उपनगरांत मात्र निवड बहुधा जीपवर आधारलेली महिंद्राची वाहने, बजाज टेम्पोची मॅटॅडोर आणि टाटामोबाइल यांतूनच करावी लागते. खरेदीदार सहसा इंजिनाचा आवाज ऐकून निर्णय घेतो. प्रत्यक्षात चेसिसची अवस्था आणि नोंदणीची कागदपत्रे यांवर पुढील सर्व खर्च सार्थकी लागणे अवलंबून असते.

पार्श्वभूमी

मुंबईत मोटारजोडणीचा उद्योग जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जोडणी सुरू केली व १९५४ मध्ये ती थांबवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात डॉज व फार्गो मालवाहू गाड्यांची जोडणी होत असे. हा कारखाना ज्या आग्रा रोडवर होता तोच आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग असून तो पुढे भांडुप व मुलुंडमार्गे ठाण्याकडे जातो. महिंद्रा कंपनीने (स्थापना १९४५) माझगाव येथे विलिस जीपच्या जोडणीस आरंभ केला. कांदिवलीचा कारखाना त्यानंतरचा. बजाज टेम्पोने १९५८ मध्ये गोरेगाव येथे जर्मन परवान्यावर ‘टेम्पो हॅन्सीट’ या तीनचाकी मालवाहू वाहनाचे उत्पादन सुरू केले आणि नंतर कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस नेला. मराठीत कोणत्याही लहान मालवाहू गाडीस ‘टेम्पो’ म्हणण्याचा प्रघात या व्यापारी नावावरूनच पडला.

निवडीस उपलब्ध वाहने

सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपमध्ये २.२ लिटरचे चार सिलिंडरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन असे. हेच इंजिन महिंद्राच्या एफसी-१५० या पिकअपमध्ये वापरले गेले. या गाडीत चालकाची केबिन इंजिनाच्या वर असल्याने आखूड लांबीतही पुरेसा हौदा मिळतो. संग्राहकांच्या दृष्टीने खरी जुनी पिकअप म्हणावी अशी हीच. तिचे इंजिन व गिअरबॉक्स यांचे भाग जीपशी समान असल्याने मिळू शकतात. केबिनचा पत्रा, काचा व दारे यांचे तसे नाही. या वस्तू पूर्ण असलेली, परंतु इंजिन बंद असलेली गाडी ही चालू इंजिनाच्या अपुऱ्या गाडीपेक्षा श्रेयस्कर होय.

महिंद्राच्या पुढील डिझेल गाड्यांत इगतपुरी येथे तयार होणारे प्यूजो बनावटीचे २.१ लिटरचे इंजिन आले. त्याचे सुटे भाग मिळणे व दुरुस्ती तुलनेने सुलभ आहे. मॅटॅडोरमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे मागील हौदा रस्त्यापासून कमी उंचीवर बसवता आला. तथापि तिचा तळ गंजलेला असण्याची शक्यता अधिक. टाटामोबाइल १९८८ मध्ये बाजारात आली. ती पन्नास वर्षांची होण्यास अवकाश आहे, आणि या वयाचे महत्त्व पुढे येणार आहे.

चेसिस व पत्रा

खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा आतून कुजतो. नवा रंग दिलेली गाडी या कारणास्तव अधिक बारकाईने पाहावी लागते. लोहचुंबक फिरवल्यास तो जेथे चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते. त्यानंतर गाडीखाली जाऊन पाटे जेथे चेसिसला जोडलेले असतात ते भाग, आडव्या पट्ट्यांचे सांधे, केबिनचा तळ व हौद्याखालचे आधार तपासावेत. पाट्यांच्या जोडाशी वेल्डिंगचे थरावर थर दिसत असल्यास ती गाडी पूर्वी वाजवीपेक्षा अधिक भार वाहत होती असे समजण्यास हरकत नाही.

इंजिनाचे काम त्यामानाने सरळ आहे. सिलिंडरचे बोरिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग आणि नवे पिस्टन-रिंग यांची व्यवस्था होऊ शकते. पेट्रोल गाडीत एथेनॉलमिश्रित इंधनामुळे जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब होतो. हे भाग आरंभीच बदलणे इष्ट.

नोंदणी व कायदा

चेसिसवर ठोकलेला क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाशी जुळला पाहिजे. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. प्रमाणपत्रावर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे काय, कर थकला आहे काय, आणि मूळ मालक हयात नसल्यास वारसांच्या नावे हस्तांतरण झाले आहे काय, हेही पाहावे.

खाजगी प्रवासी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. पिकअप मात्र सामान्यतः मालवाहू म्हणून नोंदलेली असते. आठ वर्षांनंतर तिला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. ही तरतूद बिगरव्यापारी, वैयक्तिक वापराच्या वाहनांसाठी असल्याने मालवाहू नोंदीची एफसी-१५० कितीही जुनी असली तरी त्यात आपोआप बसत नाही. अशा गाडीचा वर्ग कोणता धरला जाईल, हे परिवहन कार्यालयाकडून लेखी समजून घेतल्याशिवाय इसार देणे धोक्याचे आहे.

दुसरी अडचण इंजिनबदलाची. इंधन वाचवण्यासाठी अनेक पेट्रोल जीपगाड्यांत डिझेल इंजिन बसवले गेले. प्रमाणपत्रावर ‘पेट्रोल’ व बॉनेटखाली डिझेल अशी स्थिती असल्यास नूतनीकरण अडते, शिवाय मूळ स्वरूपाची अटही मोडते. जीपचा मागील भाग कापून तिची पिकअप करणे हाही तसाच प्रकार. निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. डिझेल गाड्यांची दहा वर्षांची मर्यादा दिल्ली परिसरापुरती आहे. तिचा धाक दाखवून मुंबईत गाडीचा भाव पाडला जातो, तो निराधार होय.

मुलुंडमधील स्थिती

मुलुंड हे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीचे टोक. येथील वाहने वडाळ्याच्या मुंबई (पूर्व) कार्यालयात एमएच-०३ या मालिकेत नोंदली जातात, तर चेकनाक्यापलीकडे ठाण्याची एमएच-०४ मालिका सुरू होते. त्यामुळे नाक्याच्या दुसऱ्या बाजूने घेतलेल्या गाडीसाठीही ठाणे कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाते. विक्रेत्याने चौदा दिवसांत व खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरण कळवणे बंधनकारक आहे.

शास्त्री मार्गालगतच्या अनेक कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली, आणि त्यांच्या आधाराने चालणारी लेथची कामे विरळ झाली. जवळचा पर्याय ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील बाजार धुंडाळावा लागतो. पुनरुज्जीवनास महिनोन्‌महिने लागतात आणि सुटी केलेली गाडी गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर इतका काळ ठेवू दिली जात नाही, म्हणून बंदिस्त जागेचे भाडे खर्चाच्या अंदाजात प्रथमपासून धरावे लागते.