ग्राफिक्स कार्डाची निवड : चाचणीतील गुण आणि प्रत्यक्षातील काम

संगणक ही आता मूठभर लोकांची चैनीची वस्तू राहिलेली नाही. चिंचोळी एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराच्या घरीही मुलांसाठी संगणक येतो. खेळांसाठी, तसेच अ‍ॅनिमेशन आणि चित्रफितींचे संपादन शिकण्यासाठी त्यात ग्राफिक्स कार्ड बसवावे, असा मुलांचा आग्रह असतो. हा खर्च बोनसमधून किंवा भिशीतून होतो. निवड चुकली तर दुसरे कार्ड लवकर घेता येत नाही. म्हणून ही निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बहुतेक जण बेंचमार्कचा आकडा पाहून निर्णय घेतात. बेंचमार्क म्हणजे प्रमाण चाचणी. थ्रीडीमार्कसारखी चाचणी प्रत्येक कार्डाकडून तीच ठरावीक दृश्ये काढून घेते आणि गुण देते. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असल्याने तुलना सोपी होते, हा तिचा उपयोग नाकारता येणार नाही. परंतु प्रश्नपत्रिका आधीच ठाऊक असेल, तर तेवढीच घोकंपट्टी करूनही गुण मिळविता येतात.

हे केवळ अनुमान नाही. २००१ साली एटीआय कंपनीच्या कार्डावर 'क्वेक ३' या खेळाच्या फाइलमधील नाव बदलून 'क्वॅक' असे केले असता वेग घटला आणि चित्र मात्र सुधारले. खेळाचे नाव ओळखून चित्राचा दर्जा उतरविण्याची सोय ड्रायव्हरमध्येच होती. २००३ साली थ्रीडीमार्क तयार करणाऱ्या फ्यूचरमार्कने चाचणीत दुरुस्ती केली, तेव्हा एनव्हिडियाच्या एका महागड्या कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी खाली आले. हा प्रकार गैर की क्षम्य, यावर पुढे वाद झाला. ग्राहकाने घ्यावयाचा धडा मात्र स्पष्ट आहे.

चाचणी प्रामाणिक असली तरी सरासरीचा आकडा फसवू शकतो. सोलापूरकरांना हे यंत्रमागाच्या उदाहरणाने चटकन समजेल. समजा, एक माग मिनिटाला १८० पिक मारतो. पण धागा तुटणे, कांडी संपणे यांत त्याचा तिसरा हिस्सा वेळ जातो. दुसरा माग १५० पिकांचा आहे, पण दहा भागांपैकी नऊ भाग वेळ चालतो. पाळीअखेर पहिल्याचे सरासरी १२० पिक पडतात, दुसऱ्याचे १३५. कापड जास्त कोणाचे निघाले? मालकाला वेग दाखवून भागत नाही, कापड दाखवावे लागते.

खेळाचेही तसेच आहे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे आली तर प्रत्येकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. आता ५९ चित्रे प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आली आणि एक ११५ मिलिसेकंद अडले, तरी सेकंदाची सरासरी ६०च राहते. डोळ्याला मात्र झटका जाणवतो. २०११ साली 'टेक रिपोर्ट'चे स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक चित्राला लागणारा वेळ तपासण्यावर भर दिला. आज चांगल्या परीक्षणात सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेगही देतात. तो आकडा आवर्जून पाहावा.

कागदावरील क्षमता आणि प्रत्यक्ष काम यांतील अंतर मोठ्या यंत्रांनाही चुकलेले नाही. पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० साली जगाच्या यादीत ६३वा आला. त्याची सैद्धांतिक क्षमता सुमारे ५.३ पेटाफ्लॉप्स, तर चाचणीत प्रत्यक्ष मोजली गेलेली ४.६. त्या यादीत क्रम लागतो तो मोजलेल्या आकड्यावर.

आणखी एक गोष्ट. परीक्षण बहुधा नव्या, ताकदवान संगणकावर होते. कार्ड बसणार आपल्या संगणकात. २०२२ साली आलेले 'आरएक्स ६५०० एक्सटी' हे ४ जीबीचे कार्ड मदरबोर्डशी केवळ चार मार्गिकांनी बोलते. नव्या मदरबोर्डवर ते बऱ्यापैकी चालते, जुन्या तिसऱ्या पिढीच्या खाचेत मात्र अनेक खेळांत मागे पडते. जुना संगणक असलेल्या गरजूलाच ते कमी फळ देते.

तेव्हा खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. आपण खेळणार ते दोन-तीन खेळ आणि वापरणार ते सॉफ्टवेअर आधी लिहून काढावे. त्यांचीच परीक्षणे पाहावीत.

२. आपल्या पडद्याएवढ्याच रिझोल्यूशनचे आकडे पाहावेत. १९२० बाय १०८०च्या पडद्यासाठी त्याहून मोठ्या पडद्याचे निकाल कामाचे नाहीत.

३. प्रोसेसर जुना असेल तर महाग कार्डही त्याची वाट पाहत बसते.

४. कार्डाची मेमरी पाहावी. 'आरटीएक्स ४०६० टीआय' २०२३ साली ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आले. बहुतेक चाचण्यांत दोन्ही जवळपास सारखेच. पण खेळाला ८ जीबीहून अधिक मेमरी लागली की पहिले अडखळते.

५. पॉवर सप्लाय पुरेसा आहे का ते पाहावे.

६. आपला उन्हाळा विसरू नये. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. चिप मर्यादेपलीकडे तापली की स्वतःच वेग कमी करते. वातानुकूलित खोलीतले निकाल पत्र्याच्या घरात तसेच मिळतील असे नाही. कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी.

विद्यार्थी मित्रांनो, दुकानदार आकडा सांगेल तेव्हा एवढेच विचारा : हा आकडा कोणत्या संगणकावर, कोणत्या खेळात आणि किती वेळ चालवून आला? उत्तर मिळाले तर तोलून पाहा. न मिळाले तर पैसे खिशात ठेवा. घामाच्या पैशाला एवढी चौकशी शोभून दिसते.