निरंक

आमच्या दिवाणखान्यात शिंगे नाहीत. एके काळी ज्याच्याजवळ बंदूक आणि तिचा परवाना दोन्ही होते, त्या माणसाच्या भोपाळमधल्या घरात शिंगांची एकही जोडी नसावी याचे पाहुण्यांना नवल वाटते. "शिकारीचा नाद सोडला" एवढेच उत्तर आम्ही आजवर देत आलो. ते खोटे नव्हते. पण पुरेही नव्हते. आता वयाची ऐंशी ओलांडली आहे. तेव्हा उरलेले अर्धे उत्तर येथे लिहून ठेवावे, असे मनाने घेतले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे त्या निमित्ताने इकडे आली. आमचेही त्यांतलेच एक. आम्ही त्या वेळी शाळकरी होतो. नागपूरच्या सपाटीतून आलेल्या मुलाला येथला मोठा तलाव जितका अपूर्व वाटला, तितकेच शहराला खेटून उभे असलेले विंध्याचे रान. संस्थानी काळातील शिकारीच्या कथा तेव्हा ताज्या होत्या. १ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारकडे गेला, त्याला अजून दहा वर्षेही झाली नव्हती. नबाब हमीदुल्ला खान यांच्या चिकलोद येथील मुक्कामांच्या आणि तिकडच्या शिकारींच्या गोष्टी चौकाचौकांत ऐकू येत. नबाबांचे राज्य गेले. मात्र शिकारीचा षौक तेवढा मागे राहिला, आणि तो आता सरकारी परवान्यावर सामान्य माणसालाही करता येऊ लागला.

आजच्या तरुण वाचकांना ही व्यवस्था ठाऊक नसेल. सरकारी जंगलाचे शिकारीसाठी गट पाडलेले असत. त्यांना 'शूटिंग ब्लॉक' म्हणत. फी भरली की ठरलेल्या मुदतीपुरता एक गट आपल्या नावे होई. कोणते जनावर मारायचे आणि किती, हे परवान्यावर लिहिलेले असे. मादीला हात लावायचा नाही, रात्री दिव्याच्या झोतात बार काढायचा नाही, असे नियम असत; आणि मुदत संपली की काय मिळाले त्याचा तपशील भरून परवाना परत करावा लागे. हौशी मंडळी टोळीने जात. हाकारे लावून रान उठवीत आणि मचाणावर बसून बार काढीत. आम्हाला तो गोंगाट कधीच रुचला नाही. आम्ही एकटेच जात असू.

एकट्याने हरणाच्या मागावर जाणे ही निराळीच विद्या आहे. तिच्यात बंदुकीचा भाग शेवटचा आणि अगदी थोडा. पहिला धडा वाऱ्याचा. आम्ही फडक्याच्या पुरचुंडीत चुलीतली राख बांधून नेत असू. पुरचुंडी हलकेच झटकली की राख ज्या दिशेला उडते, त्या दिशेच्या जनावराला आपला वास पोहोचला असे समजावे. दुसरा धडा कानांचा. चितळे वानरांच्या सोबतीने चरतात. झाडावरची वानरे पाला खाली टाकतात, तो चितळांच्या मुखी पडतो. आणि वानरांना वाघ-बिबट्या दिसला तर त्यांच्या ओरडण्याने चितळेही सावध होतात. तिसरा धडा मागाचा. खूर किती खोल रुतला, लेंडी ओली की वाळलेली, गवत मोडले की नुसते वाकले, हे वाचता आले पाहिजे. चौथा धडा मात्र कोणी शिकवीत नाही. टोळीत दहा डोळे असतात; कोणी चुकला तर दुसरा हटकतो. एकट्याला साक्षीदार नसतो. रान सरकारचे, म्हणजे सर्वांचे. पण त्या घटकेला तेथे कोणीच नसते. नियम कागदावर असतो, आणि तो पाळायचा की नाही हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

१९६८ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. ओबेदुल्लागंजच्या पुढल्या डोंगराळ रानातला एक गट आमच्या नावे होता. परवान्यावर एक नर चितळ. दोन दिवस आम्ही हिंडलो. चितळे दिसली, पण नेम धरावा असा नर दिसला नाही. त्यालाही कारण होते. चितळाची शिंगे दर वर्षी गळतात आणि नवी उगवतात. आपल्या मध्य भारतात उन्हाळ्याच्या तोंडाशी बहुतेक नरांची शिंगे टणक, टोकदार झालेली असतात. ऐन हिवाळ्यात मात्र पुष्कळ नर मखमली कातड्याची कोवळी शिंगे घेऊन हिंडतात, कित्येकांची तर नुकतीच फुटू लागलेली असतात. हे आम्हाला माहीत होते. म्हणजेच त्या दिवसांत नर-मादीची पारख अधिक काळजीने करायला हवी, हेही माहीत होते.

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही एका नाल्याच्या काठी बसलो होतो. ऊन उतरले. पलीकडच्या धावड्याच्या झाडाआड काहीतरी हलले. ठिपक्यांची पाठ दिसली, आणि मानेच्या वर दोन वाकड्या रेघा. शिंगेच ती, असे मनाने ठरविले. खरे सांगायचे तर मनाला ती शिंगेच हवी होती. रिकाम्या हाती घरी जायचे नव्हते. आम्ही बार काढला. जनावर कोसळले, उठले आणि रानात शिरले.

घायाळ जनावर सोडून येणे यापरती शिकाऱ्याला नामुष्की नाही. रक्ताचा माग काढीत आम्ही अंधार पडेपर्यंत चाललो. पुढे काही दिसेना, तेव्हा परतून नाल्याच्या वाळूत शेकोटीपाशी रात्र काढली. पूर्वेला मृग नक्षत्र वर येत होते. लहानपणी आजीने ते ओळखायला शिकविले होते. हे हरणाचे चार पाय, हा पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि हा मागून येणारा लखलखता व्याध. कौतुकाने पाहिलेले ते चित्र त्या रात्री पाहवेना.

सकाळी माग काढण्याची गरजच पडली नाही. गिधाडे घिरट्या घालीत होती. त्या काळी आकाशात गिधाडे हटकून असत; गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने पुढे त्यांचा संहार केला, आणि आज त्यांची पैदास करण्यासाठी भोपाळजवळ केरव्याला केंद्र चालवावे लागते. गिधाडांच्या खाली जनावर पडले होते. ती मादी होती. शिंगे म्हणून पाहिल्या त्या धावड्याच्या फांद्या होत्या. गिधाडांनी पोट फाडले होते, आणि आत पूर्ण वाढीचे पाडस होते.

आम्ही तेथून निघालो. वाटेत गुराख्याखेरीज कोणी भेटले नाही. परवाना परत करताना त्यामागचा रकाना भरायचा होता. आम्ही लिहिले, 'निरंक'. म्हणजे काहीही मिळाले नाही. कागद स्वीकारणाऱ्या कारकुनाने वर पाहिलेसुद्धा नाही. दंड नाही, चौकशी नाही. बंदूक नंतर आम्ही विकून टाकली, आणि ही हकीकत घरात कोणालाही सांगितली नाही.

पुढे कायदाच बदलला. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. त्याच वर्षी कान्हाच्या रानात बारशिंगे मोजले तेव्हा ते केवळ ६६ भरले. जगातील कठीण भूमीवरच्या बारशिंग्यांचा हा वंश तेवढ्यावर येऊन ठेपला होता. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. अनेकांचा समज असा की, त्याच दिवशी सारी शिकार थांबली. तसे नव्हे. मूळ कायद्यात चितळ-सांबरांसारख्या जनावरांच्या शिकारीला परवान्याची वाट ठेवलेली होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. कान्हाचे बारशिंगे काळजीपूर्वक जपल्याने वाढले, इतके की २०१५ पासून त्यांतले काही भोपाळच्या वनविहारात आणि सातपुड्याच्या रानात नेऊन सोडता आले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भीमबेटक्याला गेलो, पुन्हा एकटेच. भोपाळपासून हे स्थळ सुमारे ४५ किलोमीटरवर, आमच्या जुन्या गटाच्याच वाटेवर. तेथील चित्रे जगापुढे आणणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे आपल्यापैकीच. जन्म १९१९ चा, नीमचचा, आणि कर्मभूमी उज्जैन. रेल्वेच्या प्रवासात त्यांना दुरून हे खडक दिसले आणि युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांच्या खडकांची आठवण झाली, असे सांगतात. १९५७ साली त्यांनी ही चित्रे शोधून काढली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८८ मध्ये ते निवर्तले, आणि २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा ठरले.

या खडकांवर हरणे किती म्हणून पाहावीत! एका खडकाला तर 'प्राण्यांचा खडक' असेच नाव पडले आहे, इतकी जनावरे त्यावर दाटली आहेत. धनुष्ये ताणलेले शिकारी आहेत, काटेरी टोकांचे बाण आहेत, धावणारी हरणे आहेत. मध्य भारतातील अशा चित्रांत गाभण मादीच्या पोटातले पिल्लू बाहेरून दिसावे तसे रेखाटण्याची रीत आढळते. आत काय आहे हे त्या माणसाला माहीत होते. तोही मारीतच होता, पोटासाठी मारीत होता; पण ज्याला मारायचे ते जनावर त्याने आतून-बाहेरून पाहिलेले होते. कित्येक हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक चित्रकारापुढे उभे असताना आम्हाला आमची १९६८ ची संध्याकाळ आठवली. आमच्या हाती त्याच्याहून कितीतरी चांगले शस्त्र होते. उणे होते ते पाहणे.

या खडकांभोवतीच्या रातापानीच्या रानाला १९७६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. त्याला वाकणकरांचे नाव देण्याची घोषणाही त्याच महिन्यात झाली. ज्या रानात आम्ही खोटा कागद लिहिला, त्या रानाला एका खऱ्या शोधकाचे नाव मिळावे याचा आम्हाला मनापासून आनंद झाला.

आता सारे काही गोड झाले, असे मात्र कोणी समजू नये. भोपाळच्या आसपासचे शेतकरी हरभऱ्या-गव्हाच्या राखणीसाठी थंडीत रात्री जागून काढतात. रोह्यांचा कळप एका रात्रीत मेहनतीवर पाणी फिरवितो, आणि शहरातली आमच्यासारखी माणसे त्यांना दयेचा उपदेश करतात. २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरच्या मदतीने काळवीट आणि रोही हाकून, पकडून दूरच्या रानांत नेऊन सोडण्याचा प्रयत्न झाला. जनावर न मारता शेत राखायचे तर असे कष्ट आणि खर्च सोसलेच पाहिजेत. आणि त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे हा न्याय नव्हे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वन्यप्राण्यांच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. वाघांच्या देशव्यापी गणनेत हरणेही मोजतात, कारण भक्ष्य नसेल तर वाघ राहणार कोठे? पहाटे ठरलेल्या सरळ रेषेवरून दोनेक किलोमीटर निःशब्द चालायचे. जनावर दिसले की जात, संख्या, अंतर आणि दिशा तक्त्यात भरायची. वारा, माग, लेंड्या, वानरांची ओरड, सारी जुनी विद्या कामी आली; फक्त खांद्यावर बंदूक नव्हती. एका सकाळी पळसाआड ठिपक्यांची पाठ हलल्याचा भास झाला. सोबतच्या तरुण नाकेदाराने विचारले, "काकासाहेब, चितळ लिहू?" आम्ही थांबलो, दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिले. उन्हाचे कवडसे होते ते.

"नको," आम्ही म्हणालो, "नक्की दिसल्याशिवाय लिहायचे नाही."

त्या सकाळी पूर्ण रेषेवर आम्हाला एकही हरीण दिसले नाही. तक्ता त्याने आमच्यापुढे धरला. आम्ही रकान्यात लिहिले, 'निरंक', आणि खाली सही केली.