कंबाइन हार्वेस्टरचे चालक स्प्रॉकेट

कंबाइन हार्वेस्टर या कापणी व मळणी एकत्र करणाऱ्या यंत्रातील साखळीला गती देणाऱ्या दातेरी चक्रास चालक स्प्रॉकेट म्हणतात. हे चक्र फिरत्या दंडावर चावीने घट्ट बसवलेले असते. त्याचे दाते साखळीच्या रोलरांमध्ये अडकतात व साखळीला ओढतात. साखळीच्या दुसऱ्या टोकाचे चक्र त्यामुळे फिरते, म्हणून त्यास चलित स्प्रॉकेट म्हणतात. तत्त्व सायकलचेच आहे. मात्र सायकलीत पायडलजवळचे चालक चक्र मोठे असते, तर कंबाइनमध्ये वेग कमी करून जोर वाढवायचा असल्याने अनेक ठिकाणी चालक चक्र लहान असते. या प्रकारची रोलर साखळी मूळच्या स्वित्झर्लंडच्या हान्स रेनॉल्ड या अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टर येथे तयार केली.

उपयोग

कापलेले पीक मळणीच्या ढोलाकडे ओढून नेणारी वाहक साखळी आणि स्वच्छ धान्य टाकीत चढवणारा उद्वाहक ही स्प्रॉकेटच्या वापराची ठळक ठिकाणे होत. पट्टा भार वाढल्यास घसरू शकतो. सुस्थितीतील साखळी घसरत नाही, त्यामुळे दोन दंडांच्या वेगांचे प्रमाण कायम राहते. हे प्रमाण दात्यांच्या संख्येवरून ठरते. १५ दात्यांच्या चालक चक्राऐवजी १६ दात्यांचे बसवल्यास चलित दंडाचा वेग सुमारे ६.७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून बदली चक्र निवडताना केवळ ‘बसते’ एवढे पाहून चालत नाही.

झीज

साखळी ‘ताणली’ असे बोलण्यात म्हटले जाते, परंतु तिच्या पट्ट्या सहसा लांबत नाहीत. पिन व बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी पडते. परिणामी दोन पिनांमधील अंतर, म्हणजे पिच, वाढते. १ इंच पिचच्या नव्या साखळीच्या १२ कड्या ३०४.८ मिलिमीटर भरतात. त्या सुमारे ३१४ मिलिमीटर भरू लागल्या, म्हणजे वाढ ३ टक्क्यांवर गेली, की साखळी बाद समजण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. अशी साखळी दात्याच्या बुंध्यात न बसता शेंड्याकडे सरकते, दात्याची एक बाजू खाते आणि दाता आकड्यासारखा वाकडा दिसू लागतो. लहान चक्राचा प्रत्येक दाता अधिक वेळा साखळीत येत असल्याने तेच आधी झिजते. भुसा व धूळ ही झीज वाढवतात.

येथेच नेहमीची चूक घडते. काटकसर म्हणून केवळ साखळी नवी आणली जाते आणि झिजलेले चक्र तसेच ठेवले जाते. वाकड्या दात्यांवर नव्या साखळीचा भार मोजक्या कड्यांवर पडतो व ती अल्पावधीत खराब होते. वाचवलेला पैसा दुप्पट होऊन जातो. दोन्ही बाजूंनी सारखे असलेले चक्र उलटे बसवून दात्यांची न झिजलेली बाजू वापरणे, हा कारागिरांचा तात्पुरता उपाय मात्र खरोखर उपयोगी आहे. दात्यांवर वेल्डिंगचा थर चढवून ते घासणे तितकेसे भरवशाचे नाही, कारण दात्याचा अचूक आकार व कठीणपणा त्यातून परत मिळत नाही.

प्रश्न केवळ सुट्या भागाच्या किमतीचा नसतो. महाराष्ट्रात सोयाबीन व गव्हाच्या सुगीत पंजाबातून आलेली यंत्रेही भाड्याने चालतात. ऐन वेळी यंत्र उभे राहिल्यास पक्व सोयाबीनच्या शेंगा शेतातच तडकतात व दाणे मातीत जातात.

बदल

नवे चक्र पिच, दात्यांची संख्या, रोलरचा व्यास, साखळीची रुंदी, दंडाच्या भोकाचे माप आणि चावीची खाच या सर्व बाबतींत जुन्याशी जुळावे लागते. वाहक साखळीत एकाच दंडावर दोन किंवा अधिक चक्रे असल्यास ती एकत्रच बदलतात व त्यांचे दाते एका रेषेत ठेवतात. नाहीतर आडव्या पट्ट्या तिरक्या चालतात.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढणे आणि सर्व भाग पूर्ण थांबू देणे अत्यावश्यक आहे, कारण फिरती साखळी कपडा किंवा बोटे क्षणात आत ओढते. चालक व चलित चक्रे एका रेषेत आहेत की नाहीत, हे सरळ पट्टी लावून तपासतात. नवी साखळी सुरुवातीच्या काही तासांत किंचित सैल होते, त्यामुळे तिचा ताण पुन्हा तपासून जुळवावा लागतो. काढलेली संरक्षक झाकणे यंत्र सुरू करण्याआधीच परत बसवतात.