एका माणसाचं टेबल

दक्षिण कोरियातल्या येओसू शहरात एका लहानशा हॉटेलाच्या दारावर लागलेली पाटी २०२५ च्या अखेरीस जगभर फिरली. आम्ही एकटेपणा विकत नाही, एकट्यानं येऊ नका, असा तिचा मजकूर. यायचंच असेल तर चार पर्याय दिले होते: दोघांचे पैसे भरा, दोघांचं जेवण संपवा, मित्राला बोलावून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला बायकोला घेऊन या. त्याच वर्षी जुलैमध्ये याच शहरातलं आणखी एक प्रकरण गाजलं होतं. एकटी जेवायला गेलेली एक यूट्यूबर दोन माणसांचं जेवण मागवूनही ‘लवकर आटपा’ म्हणून बोलणी खात होती. तिचा कॅमेरा चालू होता म्हणून ते बाहेर आलं आणि शहर प्रशासनाला माफी मागावी लागली. ज्या देशात २०२३ साली दर शंभरातली ३५ घरं एकेकट्या माणसाची होती, त्या देशातली ही गोष्ट.

ती झोंबते, कारण त्याआधीच्या दशकात जग याच्या नेमकं उलट निघालं होतं.

त्या दशकाआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. तो एकसुरी आहे. सोबत पुरुष नाही म्हणून १९०७ साली न्यूयॉर्कच्या हॉफमन हाउसनं स्त्री-मताधिकार चळवळीतल्या हॅरियट स्टँटन ब्लॅच यांना जेवण नाकारलं. त्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. १९६९ मध्ये स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन आणि त्यांच्या मैत्रिणी त्याच शहरातल्या प्लाझा हॉटेलच्या ओक रूममध्ये शिरल्या, कारण तिथे दुपारच्या जेवणाला बायकांना मज्जाव होता. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हिनो बारमध्ये बायकांना काउंटरपाशी उभं राहून पेय मिळावं म्हणून १९८२ मध्ये अपील कोर्टाला निकाल द्यावा लागला. पुरुषांना दार उघडं होतं, पण एकट्या पुरुषाच्याही वाट्याला खांबामागचं किंवा संडासाच्या दाराशेजारचंच टेबल यायचं. समोरचा ग्लास, काटा आणि सुरी वेटर खणखणाट करत उचलून न्यायचा. सगळं हॉटेल वळून बघायचं.

यावरचा उतारा जपानकडे आणि स्पेनकडे आधीपासून होता: काउंटर. ओसाकात १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी सुशीच्या बश्या फिरत्या पट्ट्यावर ठेवल्या, तेव्हा त्यांना मोजक्या माणसांत जास्त गिऱ्हाइकं सांभाळायची होती; एकट्या माणसाची सोय आपोआप झाली. स्पेनमध्ये तापास बारच्या कट्ट्याला टेकून खाणं रोजचंच. फ्रेंच आचारी जोएल रोबुशाँ यांनी २००३ मध्ये टोकियोत आणि पॅरिसमध्ये स्वयंपाकघराभोवती काउंटर मांडून उंची जेवण स्टुलावर आणलं. बार्सिलोनाच्या काल पेप या बारवरून स्फूर्ती घेऊन २००७ मध्ये लंडनच्या सोहोत बाराफिना सुरू झालं. तिथे तेव्हा स्टुलं २३ होती आणि आरक्षण नव्हतं. अशा ठिकाणी जोड्या बसत गेल्या की मध्ये एखादं स्टूल रिकामं राहतंच. ते भरायला एकटा माणूसच लागतो.

मग आलं ते दशक. २०१२ च्या जानेवारीत टीव्ही टोकियोवर ‘कोदोकू नो गुरुमे’ ही मालिका सुरू झाली. मासायुकी कुसुमी यांचं लेखन आणि जिरो तानिगुची यांची चित्रं असलेल्या नव्वदच्या दशकातल्या चित्रकथेवर ती बेतलेली. परदेशी वस्तूंचा व्यापार करणारा गोरो इनोगाशिरा काम संपलं की भूक लागल्याचं ओळखतो, एखाद्या साध्या दुकानात शिरतो आणि खातो. एवढंच कथानक. दुकानं खरी, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी स्वतः कुसुमी तिथे जाऊन जेवतात. युताका मात्सुशिगे यांचा गोरो बिचारा नाही, कुणाची वाट बघत नाही. समोरच्या वाटीकडे त्याचं पूर्ण लक्ष असतं. एकट्यानं जेवणाऱ्या माणसाला पडद्यावर एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला. लाडू करून विकणारी पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॉफी शॉपमध्ये एकटी शिरते. काउंटरवरची बाई प्रश्नांचा भडिमार करते, मागची रांग ताटकळते आणि शशी रडकुंडीला येऊन बाहेर पळते. तेव्हा थिएटरात कित्येक मराठी बायकांच्या पोटात गोळा आला असेल. मुंबईच्या इराण्याकडे भर गर्दीत अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीत बसून चहा-ब्रून मागवायला कुणाची परवानगी लागत नाही. परदेशात मात्र ‘किती जण?’ या पहिल्याच प्रश्नाला एक बोट वर करायला धैर्य लागतं. मराठी माणसाचा परदेशप्रवास मुख्यतः सहल-कंपन्यांनी घडवला. बरोबर स्वयंपाकी, रात्री वरणभात, आणि एकट्यानं आलात तर खोलीचे जादा पैसे. लंडनला राहून एकटीनं देश पालथे घालणाऱ्या आणि त्यावर मराठीत पुस्तकांमागून पुस्तकं लिहिणाऱ्या डॉ. मीना प्रभू म्हणूनच वाचकांना एवढ्या जवळच्या वाटल्या. मार्च २०२५ मध्ये त्या गेल्या.

पुढची चारपाच वर्षं उत्साहाची. २०१३ मध्ये मरिना फान गूर यांनी ॲमस्टरडॅममध्ये ‘एनमाल’ नावाचं तात्पुरतं रेस्टॉरंट मांडलं: प्रत्येक टेबलाला एकच खुर्ची. त्याच वर्षी कोरियन टीव्हीवर ‘लेट्स ईट’ ही मालिका आली, आणि सोलमध्ये एकट्यानं जेवणं तरुणांमध्ये मिरवण्याची गोष्ट झाली. ओपनटेबल या आरक्षण कंपनीनं २०१५ मध्ये जाहीर केलं, की अमेरिकेत एका माणसासाठीची आरक्षणं दोन वर्षांत ६२ टक्क्यांनी वाढली.

त्या लाटेत काही चुकीच्या गोष्टीही घडल्या, आणि त्यांची नोंद राहायला हवी. जपानच्या मूमिन कॅफेनं एकट्या गिऱ्हाइकासमोर मोठं सॉफ्ट टॉय बसवलं, चीनच्या हायदिलाओ या साखळीनं टेडी बेअर. हे कौतुकाच्या बातम्यांत येत राहिलं. पण समोरची खुर्ची रिकामी आहे हे दुखणं आहे, असं त्यात गृहीतच होतं. ते दुखणं जेवणाऱ्याचं नव्हतं.

इचिरानचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. फुकुओकाच्या या रामेन साखळीनं २०१६ मध्ये ब्रुकलिनला शाखा उघडली तेव्हा रांगा लागल्या. यंत्रात पैसे टाकून तिकीट घ्यायचं, दोन्ही बाजूंना फळ्या असलेल्या खणात बसायचं. कागदावर गोल करायचे: शेवया किती मऊ, लसूण किती, तिखट किती. पाण्याचा नळ खणातच. समोरच्या फटीतून दोन हात येतात, वाडगा ठेवतात, कमरेत वाकल्याचा अंदाज येतो आणि पडदा खाली सरकतो. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. शाकाहाऱ्याला इचिरानचा डुकराच्या हाडांचा रस्सा चालणार नाही. त्यानं कोको इचिबान्या या जपानी करी साखळीच्या काउंटरवर शाकाहारी करी मागवावी. भात ग्रॅममध्ये आणि तिखट आकड्यांत सांगता येतं. इचिरान लाजाळू माणसाला मोठा दिलासा देतं हे खरं. तरीही गोरो ज्या दुकानांत जातो तिथे आचारी दोन हातांवर दिसतो, शेजारचा काय खातोय ते कळतं आणि बोट दाखवून तेच मागवता येतं. खरी मिळकत ती होती, आणि गेली तीच.

२०२० मध्ये काउंटरवर प्लॅस्टिकच्या भिंती उभ्या राहिल्या. २०२१ च्या जानेवारीत फुकुओकाच्याच एका करी दुकानातून ‘मुकाट्यानं खा’ ही मोहीम जपानभर पसरली. भिंती पुढे निघाल्या, सवयी राहिल्या. मेन्यूच्या जागी क्यूआर कोड आला, त्यामुळे वेटरशी होणारी चार वाक्यंही संपली. आता कार्डाचा नंबर आधी द्यावा लागतो, टेबल ठरावीक वेळातच सोडावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी आरक्षणाच्या ॲपवर माणसांचा आकडा दोनपासूनच सुरू होतो. २०२३ मध्ये तर बार्सिलोनातले काही बार एकट्या गिऱ्हाइकाला बाहेरच्या टेबलांवरून परत पाठवू लागल्याच्या बातम्या आल्या. लंडनला काउंटर शिकवणारं हेच शहर.

हॉटेलवाल्यांचं गणित खोटं नाही. भाडी वाढली आहेत, रस्त्यावर टेबलं मांडायला परवाना मोजूनच मिळतो, आणि दोघांच्या टेबलावर एकानं तासभर एका कॉफीवर काढला तर नुकसान होतं. पण एकटा माणूस गप्पा मारत बसत नाही. बहुतेकदा खातो, बिल देतो, निघतो. त्याची अडचण टेबलापेक्षा पदार्थाच्या मापाची आहे. ‘किमान दोघांसाठी’ ही ओळ स्पेनमध्ये पाएयाखाली असते, स्वित्झर्लंडमध्ये फोंड्यूखाली, कोरियात मांस भाजायच्या जेवणाखाली. स्पेनमध्ये अर्धी प्लेट मागायची जुनी पद्धत आहेच, ती मेन्यूवर छापायला खर्च येत नाही. त्या देशाच्या सरकारनं १९६० च्या दशकात पर्यटकांसाठी ठरावीक दराची थाळी ठेवणं रेस्टॉरंटांना भाग पाडलं होतं. तिथूनच आजचं ‘मेनू देल दिया’ रुळलं: पहिला पदार्थ, दुसरा, पाव, पेय, गोड, आणि दर माणशी एक किंमत. दुपारी एकच्या सुमाराला, स्थानिक मंडळी येण्याआधी गेलं, तर बार्सिलोनातही ते एकट्याला टेबलासकट मिळतं. रात्रीच्या जेवणालाही अशी दर माणशी थाळी का नको, हा प्रश्न एकट्या प्रवाशांनी तिथे दर वेळी विचारायला हवा.